तलफ नेमकी कुठं लागते?

तंबाखू सोडायचा विषय निघाला की आपल्याकडे मराठवाड्यात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "मनावर घेतलं तर आज सुटंल, त्यात काय एवढं?" हे बहुधा ज्यानं कधी खाल्लीच नाही तो म्हणतो. दुसरं, "आता रक्तात भिनलीय, माझ्यासंगंच जाईल." हे चाळीस वर्षं खाणारा म्हणतो, आणि म्हणता म्हणता तळहातावर चुना घेतो. पहिल्याच्या मते सगळा खेळ मनाचा, दुसऱ्याच्या मते शरीराचा. दोघांचंही अर्धं बरोबर आहे. गोची अशी की सोडणारा माणूस यातली एकच बाजू धरून झगडतो. ती जिंकली की झालं असं समजतो, आणि दोन-तीन महिन्यांनी दुसरी बाजू त्याला गाठते.

हा वाद नुसता पारावरचा नाही. जानेवारी 1964 मध्ये अमेरिकेचे सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याचे तिथले प्रमुख सरकारी डॉक्टर, ल्यूथर टेरी यांनी सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध सांगणारा प्रसिद्ध अहवाल काढला. त्या अहवालानं सिगारेटला दोषी धरलं, पण तिच्या ओढीला व्यसन म्हणायचं टाळलं. ही सवय आहे, असंच त्यात लिहिलं होतं. तेव्हाच्या समजुतीनुसार व्यसन म्हणजे अफू-हेरॉइनसारखं काहीतरी, ज्यानं माणूस झिंगतो आणि जे सोडल्यावर त्याचं अंग थरथरतं. तंबाखूत तसं दिसत नव्हतं. हे मत बदलायला 24 वर्षं गेली. 1988 मध्ये सी. एव्हरेट कूप सर्जन जनरल असताना आलेल्या अहवालानं स्पष्ट सांगितलं की तंबाखू कोणत्याही रूपात व्यसन लावते, ते लावणारं द्रव्य निकोटीन आहे आणि मेंदूतली ती प्रक्रिया हेरॉइन-कोकेनच्याच जातीची आहे. तरीही 1994 मध्ये अमेरिकेतल्या सात तंबाखू कंपन्यांचे प्रमुख संसदीय समितीपुढं शपथेवर एकामागून एक सांगून आले की आमच्या मते निकोटीन व्यसन लावत नाही. 'ही नुसती सवय आहे' हे म्हणणं कुणाच्या सोयीचं, ते यावरून कळतं.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. यावरचं बहुतेक संशोधन सिगारेटवर झालंय आणि आपला प्रश्न सिगारेटचा फारसा नाही. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखूचं सेवन करताना आढळले. त्यात धूर ओढणारे फक्त 3.8 टक्के होते. तोंडात धरणारे, चघळणारे, दातांना लावणारे 24.4 टक्के (काही जण दोन्ही करतात, म्हणून बेरीज जास्त भरते). म्हणजे आपली गोष्ट चंचीची, पुडीची, माव्याची आणि मिसरीची. परदेशातली माहिती वाचताना हे विसरलं तर हिशेब चुकतो.

आधी चुन्याकडं बघू, कारण शरीराची बाजू तिथून सुरू होते. निकोटीनचा एक स्वभाव आहे. आजूबाजूला आम्ल असेल तर त्याच्या रेणूवर विद्युतभार येतो, आणि भार असलेला रेणू तोंडाच्या आतल्या त्वचेतून सहज पार होत नाही. आजूबाजूला अल्क, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं द्रव्य, असेल तर तो भार उतरतो आणि निकोटीन झरझर रक्तात शिरतं. चुना हे चांगलंच तीव्र अल्क. 'चुन्याशिवाय तंबाखू लागत नाही' हे गावातल्या कुणालाही माहीत असतं, त्यामागचं रसायन हे असं आहे. अंगठ्यानं मळण्याचा उपयोगही तोच, चुना पानाच्या कणाकणाला लागावा म्हणून. हाच चुना तोंडाची आतली त्वचा सोलवटतो, ते वेगळं दुखणं. विडीच्या धुराला चुना लागत नाही, कारण फुप्फुसाचा आतला पृष्ठभाग प्रचंड मोठा असतो. धुरातलं निकोटीन 10 ते 20 सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं. ओठाखाली धरलेल्या बारातून ते हळूहळू चढतं, साधारण अर्ध्या तासात कमाल पातळी गाठतं आणि मग बराच वेळ तिथं रेंगाळतं.

मेंदूत पोचल्यावर ते करतं काय? आपल्या मेंदूत असेटिलकोलिन नावाचं एक निरोप्या रसायन आहे. पेशींवर त्याला पकडणारे रिसेप्टर असतात. निकोटीनची घडण अशी की त्यातल्या काही रिसेप्टरना ते असेटिलकोलिनच वाटतं. ते तिथं बसतं आणि पुढं एक साखळी सुरू होते, तिच्या शेवटी डोपामीन सुटतं. डोपामीनला लोक 'आनंदाचं रसायन' म्हणतात, पण त्याचं मोठं काम शिकवण्याचं आहे. आत्ता जे घडलं ते महत्त्वाचं होतं, त्याच्या आधी काय काय झालं ते लक्षात ठेव, असा शेरा ते मेंदूत मारतं. हा मुद्दा पुढं लागणार आहे.

तसं पाहिलं तर निकोटीनमध्ये मजा फार नसते. पहिल्यांदा बार भरलेला आठवून बघा. घेरी, उचकी, घाम, उलटी. 'तंबाखू लागली' म्हणतात ती हीच. कडू औषध असतं तर कुणी दुसऱ्यांदा घेतलं नसतं. पण सोबतचे खातात म्हणून पोरगं पुन्हा घेतं, शरीर रुळतं, आणि रुळता रुळता मेंदू आतली मांडणी बदलतो. निकोटीन सतत येत राहिलं की रिसेप्टर बधिर होतात आणि मेंदू त्यांची संख्या वाढवतो. मृत्यूनंतर धूम्रपान करणाऱ्यांचे मेंदू तपासले तेव्हा त्यांच्यात असे रिसेप्टर जास्त आढळले. रोज वीस पाहुणे जेवायला येतात म्हणून घरातली ताटं वाढवून ठेवावीत आणि एके दिवशी कुणीच येऊ नये, तसं काहीसं तंबाखू बंद झाल्यावर होतं. ताटं मांडलेली, वाढायला काही नाही. त्या रिकामेपणाचा त्रास म्हणजे शारीरिक तलफ.

2006 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या संशोधकांनी हे जिवंत माणसांच्या मेंदूत पाहिलं. सिगारेटच्या एक-दोन झुरक्यांनीच या जातीचे निम्मे रिसेप्टर व्यापले गेले आणि सुमारे तीन तास व्यापलेलेच राहिले. पूर्ण सिगारेट ओढली तर 88 टक्क्यांहून अधिक. दिवसभर खाणाऱ्या-ओढणाऱ्याचा मेंदू असा जवळपास भरलेलाच असतो. त्याला तंबाखूनं काही नवीन मिळत नाही, फक्त रिकामं होऊ नये एवढं तो सांभाळत असतो. 'तंबाखू खाल्ली की डोकं शांत होतं' हे खरं आहे, पण डोकं अशांत केलं होतं तेही तंबाखूच्या उतरत्या पातळीनंच. धूम्रपान सोडलेल्यांच्या अभ्यासांत काही आठवड्यांनी चिंता आणि ताण आधीपेक्षा कमी झालेले आढळतात.

निकोटीनची रक्तातली मात्रा साधारण दर दोन तासांनी निम्मी होते. रात्री दहाला शेवटचा बार थुंकला, सकाळी सहाला उठलं, म्हणजे आठ तास, चार वेळा निम्मं, सोळावा हिस्सा उरला. म्हणून दिवसातली पहिली तंबाखू सगळ्यांत जोरात लागते. स्वीडनच्या कार्ल फागरस्ट्रॉम यांनी व्यसनाची खोली मोजायला एक प्रश्नावली केली. तिच्यातला सगळ्यांत बोलका प्रश्न साधा आहे: उठल्यावर किती वेळात पहिली ओढता? पाच मिनिटांच्या आत असेल तर शरीराची पकड घट्ट. तासाभरानंतर असेल तर बरीच सैल. काही जण तर बार गालात धरूनच झोपतात, त्यांच्या मेंदूला रात्रीचीही सुट्टी नसते.

इथं सकाळच्या एका तक्रारीबद्दल बोललंच पाहिजे, कारण आपल्याकडे तंबाखू सुटत नाही याचं हेच कारण अनेक जण सांगतात, फक्त चारचौघांत सांगत नाहीत. "तंबाखू खाल्ल्याबिगर पोट साफ होत नाही." ही सबब नाही. निकोटीनमुळं आतड्यांची हालचाल खरोखर वाढते, आणि सोडल्यावर बद्धकोष्ठ होणं हे मान्य लक्षण आहे. पण याच उदाहरणात दुसरी बाजूही लपलीय. वीस वर्षं दररोज त्याच वेळी, त्याच क्रमानं, आधी तंबाखू आणि मग परसाकडं असं चाललं असेल तर आतडंही तो क्रम शिकतं. चिमूट तोंडात ठेवताक्षणी, निकोटीन पुरतं रक्तात जायच्या आत, कळ येते ती म्हणूनच. एका कृतीत शरीर किती आणि शिकणं किती, हे चिमट्यानं वेगळं काढता येत नाही. इलाज मात्र आहे. जास्त पाणी, भाजी-भाकरी, आणि त्याच वेळी जाऊन बसायचा हेका. काही आठवड्यांत आतडं नवा क्रम शिकतं.

सोडल्यावर शरीर काय काय दाखवतं ते एकदा सांगतो. चिडचिड, बेचैनी, कामात लक्ष न लागणं, झोप मोडणं, उदास वाटणं, भूक वाढणं. पहिल्या दिवसाच्या आत सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस, आणि दोन ते चार आठवड्यांत बहुतेक विरतं. वाढलेले रिसेप्टर काही आठवड्यांत, फार तर तीनेक महिन्यांत, न खाणाऱ्याच्या पातळीवर येतात. विडी-सिगारेटवाल्यांसाठी एक जास्तीची सूचना. धुरामुळं यकृत चहातलं कॅफिन भराभर निकाली काढत असतं. धूर बंद झाला की तोच चहा अंगात जास्त वेळ टिकतो, छाती धडधडते, झोप उडते, आणि माणूस म्हणतो विडी सोडल्यानं असं झालं. त्या दिवसांत चहा निम्म्यावर आणावा. तंबाखू चघळणाऱ्यांना हे लागू नाही, कारण हे काम निकोटीनचं नसून धुराचं.

इथं थांबलो असतो तर 'रक्तात भिनलीय' म्हणणारा जिंकला असता. पण मग रमजानचं काय? नांदेडला, परभणीला, छत्रपती संभाजीनगरला, जिथं रोजा धरणारे शेजारी-मित्र आहेत तिथं हे सगळ्यांनी पाहिलंय. एरवी तासाला एक पुडी लागणारा माणूस रोजात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत तोंडात काही घालत नाही. त्याला त्रास होतो, पण तो वेडापिसा होत नाही. इफ्तारची वेळ जवळ आली की मात्र हात खिशाकडं जायला लागतो. निकोटीनची पातळी दुपारी दोनला आणि संध्याकाळी सहाला दोन्ही वेळा तळालाच असते. मग तलफ सहालाच का उसळते?

तेल अवीव विद्यापीठाचे रूवेन दार यांनी नेमका हाच प्रश्न दोनदा तपासला. 2005 मध्ये त्यांनी कट्टर धार्मिक ज्यू धूम्रपान करणारे निवडले, जे शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या संध्याकाळपासून शनिवारच्या संध्याकाळपर्यंत, सिगारेटला हात लावत नाहीत. एरवीच्या दिवशी त्यांना मुद्दाम थांबायला लावलं तेव्हा तलफ जास्त होती. शब्बाथला, जेव्हा ओढायचा प्रश्नच नव्हता, तेव्हा कमी. 2010 चा अभ्यास आणखी मजेशीर आहे. सिगारेट ओढणारे विमान कर्मचारी घेतले. काही उड्डाणं तीन ते साडेपाच तासांची, काही आठ ते तेरा तासांची. तलफ किती तास ओढली नाही यावर चालत असती तर लांब उड्डाणाच्या अखेरीला ती खूप जास्त असायला हवी होती. झालं असं की दोन्ही उड्डाणांत तलफ शेवटाकडं, उतरायची वेळ आली तशी वाढली आणि शेवटी जवळपास सारखीच भरली. लहान उड्डाण संपताना जेवढी तलफ होती, तेवढ्याच तासांना लांब उड्डाणात ती कितीतरी कमी होती, कारण तिथं अजून अर्धी वाट बाकी होती.

म्हणजे मेंदू नुसती टाकी मोजत नाही. मिळण्याची शक्यता किती, हेही मोजतो. मिळणार नाही हे पक्कं असेल तर तो मागायचं कमी करतो. लातूरहून मुंबईला निघालेल्या रेल्वेत रात्रभर न ओढता झोपलेला माणूस सकाळी कल्याण गेलं की दाराशी येऊन उभा राहतो, ते यामुळंच. सोडणाऱ्याच्या घरात 'असू द्या एक पुडी, अडचणीला' म्हणून फडताळात ठेवलेली तंबाखू किती महाग पडते, तेही यातून समजावं.

आता मघाचा डोपामीनचा मुद्दा. डोपामीन शेरा मारतं तो फक्त निकोटीनवर मारत नाही, त्या क्षणी आजूबाजूला जे जे असतं त्या सगळ्यावर मारतं. पिट्सबर्ग विद्यापीठात अँथनी कॅजिउला आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये उंदरांवर प्रयोग केला. दांडी दाबली की नुसतं निकोटीन मिळे तेव्हा उंदीर फार उत्साही नव्हते. निकोटीनसोबत एक साधा दिवा लागायला लागला तशा त्यांनी दांड्या कितीतरी जास्त दाबल्या. निकोटीनची खरी करामत इथं आहे. ते स्वतः फारसं गोड नाही, पण शेजारच्या गोष्टींना गोडी आणतं.

उंदराच्या दिव्याच्या जागी आपल्याकडे काय काय आहे ते बघा. भाकरी खाऊन झाल्यावर हात धुतलेला क्षण. सोयाबीनची रास झाल्यावर टेकलेली पाठ. मोंढ्यात माल टाकून सौदा निघायची वाट बघत बसणं. ट्रॅक्टर बंद केल्यावरची शांतता. एसटी सुटायला अजून दहा मिनिटं आहेत हे कळणं. आणि या सगळ्यांत मोठा दिवा म्हणजे दुसऱ्याचा पुढं आलेला तळहात. अनोळखी माणसाशी बोलणं सुरू करायला "तंबाखू हाय का?" यापेक्षा सोपं वाक्य आपल्याकडे नाही. मळलेली तंबाखू एकट्यानं तोंडात टाकायची नसते, आधी समोरच्यापुढं हात करायचा असतो, त्यानं चिमूट उचलायची असते. त्या चिमटीत ओळख असते, बरोबरी असते, भांडण मिटल्याची खूणही असते. वर्षानुवर्षं दिवसातून पंधरा-वीस वेळा निकोटीन या माणसांच्या, या जागांच्या सोबतीनं मेंदूत गेलेलं असतं. 'मनाची सवय' म्हणून आपण जे हलक्यात घेतो ते हे आहे, आणि हेही मेंदूच्या पेशींत लिहिलेलं असतं. रिसेप्टर तीन महिन्यांत पूर्ववत होतात. ही नोंद तेवढ्यात पुसली जात नाही.

हाताची आणि तोंडाची भूक वेगळी असते हे सिगारेटवर पडताळून झालंय. निकोटीन जवळजवळ काढून टाकलेली सिगारेट ओढायला दिली तरी तलफ तेवढ्यापुरती बऱ्यापैकी शमते. उलट, निकोटीनची पट्टी त्वचेवर चिकटवली तर निकोटीन रक्तात असतं, चिडचिड कमी होते, पण 'काहीतरी राहिलं' ही भावना जात नाही. आमच्या भागात काही जण ओवा, बडीशेप, थोडी लवंग असं मिश्रण चंचीत ठेवतात, तळहातावर मळतात, पुढं करतात, तोंडात टाकतात. याला हसणारे खूप असतात. मला तो प्रकार फार शहाणपणाचा वाटतो, कारण तो हाताची मागणी भागवतो आणि पुढं केलेला हातही रिकामा परत जात नाही.

शरीर आणि मन यांच्या वादाला सगळ्यांत चमत्कारिक वळण दिलं ते 2007 मधल्या एका अभ्यासानं. मेंदूला इजा झालेले 69 धूम्रपान करणारे रुग्ण तपासले होते. त्यातल्या 19 जणांना इन्सुला नावाच्या, कानशिलाच्या आत खोलवर असलेल्या भागाला इजा होती. त्या 19 पैकी 13 जणांनी सिगारेट सोडली, आणि त्यातल्या 12 जणांना ती सोडायला कष्टच पडले नाहीत. ओढ जणू विझून गेली. इन्सुलाचं काम काय? शरीराच्या आतल्या खबरा, पोटातली कळ, घशातला कोरडेपणा, छातीतली धडधड गोळा करून 'मला असं असं वाटतंय' या जाणिवेत बदलणं. म्हणजे तलफ जिथं जाणवते ती जागाच शरीर आणि मन यांच्या वेशीवर आहे. म्हणून कुणी विचारलं की तलफ शारीरिक की मानसिक, तर मी म्हणेन की दोन्हीकडून मागणी येते, दोन्हींचा वेळ वेगळा असतो. शरीराची मागणी जोरदार आणि अल्पायुषी. शिकलेली मागणी दिसत नाही, आठवडेच्या आठवडे गप्प बसते आणि लग्नाच्या पंगतीनंतर मंडपाच्या कडेला कुणी हात पुढं केला की उठते.

बायकांच्या मिसरीबद्दल थोडं, कारण तिला कुणी व्यसनात मोजतच नाही. तंबाखू तव्यावर भाजून, कुटून, हिरड्यांना घासायची. "म्या कुठं तंबाखू खाते, दात घासते." भाजल्यानं सगळं निकोटीन जात नाही आणि हिरडीतून ते रक्तात जातंच. 2016-17 च्या त्याच पाहणीत राज्यातल्या 17 टक्के बायका कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होत्या. सकाळी मिसरी लावली नाही तर डोकं दुखतं, कामाला हात वळत नाही, ही अंगाची मागणी. दिवसातून चार-पाच वेळा 'दात घासायला' अंगणात जाऊन दहा मिनिटं बसायला मिळतं, एरवी बसायला मिळत नाही, ही दुसरी. गरोदरपणात ही लावणाऱ्यांची बाळं कमी वजनाची होतात, म्हणून दवाखान्यात बाईला 'तंबाखू खाता का' असं विचारून भागत नाही, मिसरी लावता का हे वेगळं विचारावं लागतं. बीडकडून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांत आणखी एक कारण असतं. निकोटीन भूक दाबतं. पहाटे फडात उतरून दुपारपर्यंत कोयता चालवायचा तर भाकरीपेक्षा चिमूट पटकन होते. अशा माणसाला 'मनावर घे' म्हणून मोकळं होणं मला तरी जड जातं.

मग करायचं काय? दोन मागण्यांना दोन उपाय, एकाच वेळी. शरीरासाठी औषधं आहेत. निकोटीनचा च्युइंगगम मिळतो. तो साध्या गमसारखा सतत चघळायचा नसतो. थोडा चावायचा, झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये धरून ठेवायचा. बार धरलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. त्यात अल्कधर्मी क्षार घातलेले असतात, ते चुन्याचं काम करतात. म्हणून गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि तो तोंडात असताना चहा, लिंबूपाणी, थंड पेय घेऊ नये. तोंड आम्लधर्मी झालं की निकोटीन पार होत नाही आणि 'गमनं काही होत नाही' असं माणूस ठरवून टाकतो. खरं सांगायचं तर चघळणाऱ्यांच्या बाबतीत गम आणि पट्टीचा पुरावा विडी-सिगारेटवाल्यांइतका भक्कम नाही. चोखायची निकोटीनची गोळी, डॉक्टरांच्या चिठ्ठीनं मिळणारं व्हॅरेनिक्लिन आणि समुपदेशन यांचा जास्त चांगला आहे. व्हॅरेनिक्लिन त्याच रिसेप्टरवर बसतं, त्याला अर्धवट चाळवतं आणि निकोटीनला जागा देत नाही. त्यामुळं त्रासही कमी होतो आणि चुकून खाल्ली तर मजाही येत नाही. गमात निकोटीन असतं मग फायदा काय, असं विचारतात. कर्करोग करणारी मुख्य द्रव्यं तंबाखूत वेगळी असतात, आणि गमातलं निकोटीन इतकं सावकाश चढतं की त्याची तशी पकड फार थोड्यांनाच बसते.

शिकलेल्या मागणीवर गोळी नाही. तिथं दिवे एकेक करून ओळखावे लागतात आणि प्रत्येकाला आधीच उत्तर ठरवावं लागतं: जेवणानंतर लगेच उठून चालायचं, मोंढ्यात तंबाखू खाणाऱ्याशेजारी बसायचं नाही, हात पुढं आला तर काय बोलायचं. एक उसळी बहुधा काही मिनिटांत ओसरते. ती तंबाखूविना ओसरू दिली की मेंदू त्या जागेची जुनी नोंद किंचित सैल करतो. हे पुन्हा पुन्हा व्हावं लागतं, आणि प्रत्येक जागेला वेगळं व्हावं लागतं. घरी जिंकलेला माणूस मोंढ्यात हरतो तो दुबळा म्हणून नव्हे. मोंढ्यातला धडा अजून बाकी असतो. बोलायला कुणी नसेल तर 1800-11-2356 ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, नंबर पुडीवरही छापलेला असतो.

शेवटचा प्रश्न नेहमी असतो तो म्हणजे एकदम सोडावी की कमी कमी करत. इंग्लंडमध्ये सुमारे 700 जणांवर झालेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकदम सोडणाऱ्यांपैकी 49 टक्के चार आठवड्यांनी टिकून होते, कमी करत सोडणाऱ्यांपैकी 39 टक्के. दोन्ही गटांना निकोटीनची औषधं आणि सल्ला मिळत होता, आणि अभ्यास सिगारेटवरचा होता, हे लक्षात ठेवून मी एकदमच्या बाजूनं आहे. कमी करत जाणाऱ्याची पुडी खिशातच राहते, आणि विमान उतरायची वेळ त्याच्यासाठी रोजच जवळ असते. दिवस मात्र निवडून घ्यावा. सोयाबीन काढणीच्या किंवा लग्नसराईच्या तोंडावर नको. पहिले तीन-चार आठवडे त्यांच्या आधीच उरकतील असा.